तुरुंगातल्या लेखकाची खुर्ची

हे तुम्हाला सांगावं की नाही, या विचारात माझा चहा गार झाला. पण ऐका. आयुष्यात एकदाच भरलेल्या हॉलने उभं राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्याही माझ्या नव्हत्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नवा इंजिनिअर, अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला अपार्टमेंटमध्ये एकटा. आठवडा ऑफिसात निघून जायचा, पण शनिवार-रविवार अंगावर यायचे. फोन वाजला तर राँग नंबर, आणि मी त्यालाही हवापाण्याच्या गप्पांत धरून ठेवायचो. म्हणून शनिवारी ट्रेनने शिकागोला जायचो. काम काही नाही. माणसं बोलताना कानावर पडावीत, एवढंच.

अशाच एका शनिवारी बर्फ पडत होता. एका लायब्ररीच्या दारावर पाटी दिसली: साहित्य पुरस्कार समारंभ, प्रवेश मोफत, नंतर कॉफी. शिरलो आत. हॉल गच्च भरलेला. फक्त पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी, तिच्यावर एक गुलाब. मला वाटलं, इथली पद्धत असेल. गुलाब हातात घेतला आणि बसलो.

स्टेजवरचे दाढीवाले गृहस्थ बोलता बोलता थांबले. माझ्याकडे बघत राहिले, मग टाळ्या वाजवायला लागले. अख्खा हॉल उभा राहिला. मीही उभा राहिलो आणि मागे वळून बघितलं, कोण मोठा माणूस आलाय म्हणून. मागचे सगळे माझ्याकडेच बघत होते.

शेजारच्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्यांनी तुम्हाला केव्हा सोडलं?"

मला वाटलं, ऑफिसचं विचारतायत. "काल साडेपाचला. शुक्रवारी जरा लवकर सोडतात."

"एकट्यालाच ठेवलं होतं?"

"हो, एकटाच असतो. खिडकी आहे, पण पार्किंग लॉट सोडून काही दिसत नाही."

"आणि खायला?"

"दहीभात. रोजच."

बाईंना हुंदका फुटला. त्यांनी मला घट्ट मिठी मारली. आता खरं सांगू? काहीतरी घोळ झालाय, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. पण अमेरिकेत आल्यापासून मला कुणी जवळ घेतलं नव्हतं हो. मी ती मिठी आणखी थोडा वेळ तशीच राहू दिली.

इतक्यात दाढीवाल्यांनी माईक माझ्या हातात दिला. "दोन शब्द बोला." मी माझं नाव सांगितलं, नेपरव्हिलहून आलो म्हणालो. टाळ्या एकेक करत थांबल्या.

मग त्यांनी हळू आवाजात समजावलं. पुरस्कार होता एका परदेशी लेखकाला. सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून तो तुरुंगात होता. त्याचा एकच धूसर फोटो यांच्याकडे, त्यात तो माझ्यासारखाच सावळा, चष्मेवाला. आणि त्याच्या नावाची ती खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली.

मी गुलाब जागेवर ठेवला आणि उरलेला समारंभ भिंतीला टेकून बघितला.

नंतर कॉफीला माझ्याशी काय बोलावं, कुणालाच कळेना. शेवटी लेखकाची बहीण आली. भावाच्या वतीने पुरस्कार तिनेच घेतला होता.

"माझा चष्मा पर्समध्ये होता," ती म्हणाली. "क्षणभर वाटलं, सुटला. जरा जाड झालाय, पण सुटला."

"मला माफ करा," मी म्हणालो.

"नको. तेवढा वेळ बरा गेला माझा. त्या बाईंनी सांगितलं मला, तुम्ही काय काय म्हणालात ते. एकटं राहणं, रोज तेच जेवण, ती खिडकी. माझ्या भावाला सरकारने आत टाकलं. तुम्हाला कुणी टाकलं?"

ती अगदी मनापासून विचारत होती.

"कुणी नाही," मी म्हणालो. "मीच अर्ज केला होता. व्हिसा आला तेव्हा पेढेही वाटले."