कूलरचं मीटर

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंना घरात बसल्याबसल्या ऊन लागलं. खामगावचा मे महिना माणसाला घरात शिरूनही गाठतो. दवाखान्यातून आणल्यावर मी त्यांना बजावलं, दिवसभर कूलर लावायचा. त्या मान डोलवायच्या. पण कूलर करंट फार खातो, हे पालुपद काही सुटेना.

म्हणून यंदा मी बोर्डाच्या सॉकेटमध्ये खोचायचं छोटं मीटर आणलं. त्यात कूलरची पिन लावली की किती वीज जळली ते दिसतं. कूलर बिचारा किती कमी खातो हे त्यांना दाखवलं की वाद मिटेल, असा माझा हिशेब. पुरावा हातात असल्याशिवाय मी भांडणात उतरत नाही.

संध्याकाळी ऑफिसातून आले. घर नेहमीसारखं गार, पण मीटरचा आकडा जेमतेम हललेला. दुकानदारानं फसवलं म्हणून त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. मग त्याच मीटरवर इस्त्री लावून पाहिली, तर आकडे भराभर पळाले. मीटर ठणठणीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुपारीच घरी आले. कूलर बंद. सासूबाई फरशीवर पाणी शिंपडून, डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसलेल्या. चेहरा लालबुंद. मी चिडून विचारलं, मग संध्याकाळी घर गार कसं असतं?

"तू घरी याच्या आंदी घडीभर लावतो ना मी," त्या म्हणाल्या. "तू उन्हातून येतं माय. मी तं घरातच रायतो."

माझ्या घटकाभराच्या गारव्यासाठी ही बाई दुपारभर उकाड्यात बसत होती. इतका जीव मला माहेरीही कुणी लावला नव्हता. नशीब काढलं मी.

मी म्हणाले, "आई, आजपासून मीबी कूलरपुढे बसत नाही. दोघीबी उकडत बसू."

त्या उठल्या आणि कूलरचं बटण दाबलं.

आता रोज चप्पल काढायच्या आधी मी मीटर बघते. लोक आकडा कमी व्हावा म्हणून ते लावतात. मला तो वाढलेला दिसला की जीव भांड्यात पडतो. परवा तर फारच वाढला होता. सासूबाई कूलरपुढे गाढ झोपल्या होत्या, मी आल्याचंही त्यांना कळलं नाही. चहा राहू दिला आणि त्यांच्या शेजारी जाऊन आडवी झाले.