लाल कोटाची घडी

सुनेनं आज ट्रंक उन्हात उघडली आन् डांबरगोळ्यांच्या वासासंगं आमच्या बँडचा लाल कोट वर आला.

आदी आमचा बँड म्हंजे दोन क्लॅरनेट, ढोल आन् धोतर-टोप्या. मी मास्तर झालो तसं कीबोर्ड आणला, भोंगे आणले, सगळ्यांना सोनेरी झालरीचे कोट शिवले. इमामचाचांनाबी. मला क्लॅरनेट त्यांनीच शिकवलं. पण कोट त्यांच्या म्हाताऱ्या अंगावर लोंबायचा.

देगलूरला एका लग्नात नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला, तवा मी त्यांना रांगेतून काढलं.

"चाचा, तुमच्यानं बँड जुना दिसून राहिला. टेम्पोत बसा."

"ठीक है बेटा," म्हणाले. कोट काढून नीट घडी घातली आन् माझ्या हातात दिला.

भर चौकात जनरेटर बंद पडलं. कीबोर्ड मुका झाला. वऱ्हाडी वरडले, "मास्तर, आता कोटच वाजवा!"

तेवढ्यात मागून, टेम्पोतून, क्लॅरनेट निघालं. चाचा नुसत्या सदऱ्यात बसून वाजवत होते. नवरदेव मारुतीपर्यंत नाचत गेला.

आन् मी? मी मास्तरची काठी उचलून हलवत राहिलो, जसं काय मीच ठरवलं होतं. नवरदेवाच्या बापानं फेटा मला बांधला. मी मान वाकवून बांधून घेतला. टेम्पोकडं बघितलंसुदिक न्हाई. चाचा असेपर्यंत त्यावर एक शब्द बोललो न्हाई.

"मामा, घालून दाखवा की," सून कोट उलगडाय लागली.

"उलगडू नको बाई," मी म्हणलो. "ती घडी चाचांच्या हातची हाय."