संख्याबोध शून्य

"बस त्या स्टुलावर. लहान मुलासारखा बस."

डॉक्टर हे म्हणाले तेव्हा साताऱ्याच्या त्या सभागृहात साठेक माणसं असतील. मी सांगताना दोनशे सांगतो. त्या दिवशी मला दोन हजार दिसली होती. शाळा तपासनीस, प्राचार्य, त्यांच्या कडक इस्त्रीच्या बायका, पहिल्या रांगेत विद्यापीठातून आलेले दोन पाहुणे. स्टूल पहिलीतल्या पोराचं. मी सहा फुटी. बसलो तर गुडघे कानांना लागले. तिथंच पहिला हशा पिकला.

समोर पेटी. चार जणांनी उचलायची आणि पाचव्यानं कण्हायचं, एवढी जड. वर काचेची खिडकी, खिडकीत चित्र, खाली चार उत्तरांची चार बटणं. बरोबर बटण दाबलं की हिरवा दिवा. चुकलं की लाल दिवा आणि भोंगा. भोंगा असा, की तो वाजला की अजिंक्यताऱ्यावरची माकडं खाली बघायला यायची. हे शिकवणारं यंत्र. मास्तर नको, छडी नको. डॉक्टर म्हणजे शिक्षणशास्त्राचे डॉक्टर, आमच्या संशोधन प्रकल्पाचे प्रमुख. दीड वर्ष अमेरिकेत राहून ही कल्पना घेऊन आले होते. ते दीड वर्ष त्यांनी आम्हाला रोज चहाबरोबर पाजलं. संपतच नव्हतं.

"यंत्राला जात नसते," ते पाहुण्यांना म्हणाले. "यंत्र फक्त बोट बघतं."

खिडकीत चित्र आलं. हिरवं कुरण, वर मोठा सूर्य, कुरणात मेंढ्या. खाली प्रश्न : किती मेंढ्या आहेत?

मी एम.ए., पहिला वर्ग. संख्याशास्त्राच्या पेपरात अख्ख्या कॉलेजात वरचा. पण मी धनगर. आणि आमच्यात मेंढरांकडं बोट करून मोजत नाहीत. बोट लावलं की मेंढरू झिजतं म्हणतात. लहानपणी एकदा मी मोजायला गेलो, तर बापानं अशी एक ठेवून दिली की पुढचे आठ दिवस मला सगळी मेंढरं दुप्पट दिसत होती. आता मला ते खरं वाटत नाही. एम.ए. झालेल्याला कसं वाटेल? पण ते बोटाला कोण सांगणार? बोट बटणाच्या वर आलं आणि थांबलं. दोन सेकंद. तीन. यंत्र कुणाची वाट बघत नाही.

लाल दिवा. भोंगा.

सभागृह हशानं फुटलं. डॉक्टर टाळी मिळालेल्या नटासारखे पुढं झाले. माझ्या डोक्यावर टिचकी मारली. टिचकी. माझं लग्न झालेलं होतं तेव्हा.

"पाहा," ते म्हणाले. "याला एम.ए. केला. पण बोट अजून धनगराचंच आहे."

आणि मी काय केलं? मी हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. पाहुणे थांबले तरी मी हसत होतो. डॉक्टरांचा राग मला नंतर आला. पहिली किळस त्या माझ्या हसण्याची आली, आणि ती अजून गेलेली नाही.

पण नोकरी सोडली नाही. खोटं कशाला सांगू? दुष्काळात खडी फोडत शिकलेला माणूस मी. वाडीतला नोकरीत असलेला एक मीच. शिवाय डॉक्टरांनी पीएच.डी.चं गाजर दाखवलेलं, आणि माझे कान गाढवापेक्षा लांब झालेले.

माझं पद होतं क्षेत्र-अन्वेषक. नाव तालेवार, काम हमालाचं. पेटी गावोगाव न्यायची, पोरं बसवायची, आणि एकेका पोराचं एकेक पान भरायचं. पानावर चौकटी, चौकटीत फक्त आकडे. ती पानं मुंबईला जायची. तिथं मोठा संगणक होता. मी तो कधी पाहिला नाही, पण डॉक्टरांचं वर्णन ऐकून वाटायचं, तालमीएवढा राक्षस थंड खोलीत बसलाय आणि भोकं पाडलेली कार्डं खातोय. आमच्या पानांवरून ती भोकं पडायची, आणि मग तो सांगायचा, कुठलं पोर कुठल्या लायकीचं. पानावरची पहिली चौकट जातीच्या आकड्याची. ज्याला जात नसते त्या यंत्राला पहिला घास जातीचाच लागायचा.

महिन्याभरानं डॉक्टरांनी चाचणीसाठी माझीच वाडी निवडली. जतच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेली. पावसाला तिचा पत्ता कुणी दिलेलाच नाही. एक मास्तर, एक खोली, वीसेक पोरं. "तुझे लोक आहेत, विश्वास ठेवतील," डॉक्टर म्हणाले. ठेवला. तिथंच चुकलं.

जीप पोचली तेव्हा मामा वेशीपर्यंत आले होते. माझी आई गेल्यावर ह्या मामांनीच मला शाळेत घातलेलं. खांद्यावर घोंगडं, अंगाला मेंढरांचा वास. डॉक्टरांनी रुमाल नाकाला लावला तो परत जाईपर्यंत काढला नाही. मामांनी दुधाचा पेला पुढं केला. डॉक्टरांनी थर्मास दाखवला. मामा म्हणाले, "आसूं दे. शेरातल्या माणसाला आमचं दूध जड पडतंय." आणि पेला जीपच्या ड्रायव्हरला दिला. ड्रायव्हर रिटायर फौजी. एका दमात पेला रिकामा करून म्हणाला, "मामा, एकदम फस्ट क्लास."

वाडीत वीज नव्हती. पेटीच्या तारा जीपच्या बॅटरीला जोडल्या. शाळेत पोरं रांगेनं बसली. डॉक्टरांनी माझ्या हातात कापसाचा बोळा आणि स्पिरिटची बाटली दिली.

"प्रत्येक मुलानंतर बटणं पुसायची."

साताऱ्याच्या सभागृहात प्राचार्यांच्या बायकांनी ती बटणं अर्धा तास दाबली होती. लाडूची तुपट बोटं होती. तेव्हा बोळा निघाला नव्हता. हे मला तिथं उभ्याउभ्या आठवलं. आठवलं, तरी मी बोळा घेतला.

पहिलं पोर बसलं. फुलं किती, पतंग किती, आगगाडीचे डबे किती. आगगाडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती, तरी डबे बरोबर मोजले. हिरवा दिवा. मग मेंढ्यांचं चित्र आलं. पोरानं हात मागं घेतला. भोंगा. शून्य. दुसरं पोर. हात पाठीमागं. भोंगा. शून्य. मी पुसतोय. तिसरं. चौथं. भोंग्यानं वाडीतली कुत्री रडायला लागली.

मी डॉक्टरांच्या कानाशी गेलो. "साहेब, आमच्यात मेंढरांकडं बोट करत नाहीत. तोंडी विचारा, चिंचोके मांडायला सांगा. पोरांना येतं."

"कसोटी बदलत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि मेंढ्यांच्या पाच चित्रांना निम्मे गुण आहेत. तू पूस."

मग तानी बसली. मामांची नात, आठ वर्षांची, नाकात मोरणी, केसांत वर्षाचं तेल एकदम घातलेलं. तिनं हात मांडीखाली दाबून घेतले आणि चित्राकडं बघत बसली. बघत बसली. मग डॉक्टरांना म्हणाली,

"आवं, हिचं कोकरू कुठाय?"

"काय?"

"ही डाव्या अंगाची. कास भरलीया. कोकरू न्हाई जवळ. आन एवढं ऊन काढलंय, तरी मेंढरं कातरली न्हाईत. कुणाची हाईत ही?"

मी वाकून बघितलं. पोरीचं खरं होतं. महिनाभर ते चित्र मी रोज बघत होतो. एम.ए. पहिला वर्ग. मला कास दिसली नव्हती. चित्रकारानं कुठल्यातरी विलायती पुस्तकातून मेंढी उचलली होती आणि तिचं पिल्लू तिकडंच राहिलं होतं.

भोंगा वाजला. डॉक्टर हसून म्हणाले, "कल्पनाविलास. शून्य लिही." आणि बोळ्याकडं बोट केलं.

मी बटणं पुसली.

तानी माझ्याकडं बघत होती. "काका, म्या तर हातच लावला न्हाई. काय पुसताय?"

साठ माणसं हसली तेव्हा माझ्या पायाखालची जमीन गेली, असं मी लोकांना सांगत असतो. ती थाप. जमीन इथं गेली. आठ वर्षांच्या पोरीनं विचारलं, आणि माझ्या हातात तो बोळा. स्पिरिटचा वास. माझ्याच वाडीच्या पोरांच्या बोटांचा मळ पुसून पुसून काळा झालेला. मळ म्हणजे काय? माती, लोकर, दूध.  मी बाहेर जाऊन शाळेच्या मागं खरंच ओकलो.

दिवस कलला, मेंढरं परत आली. जाळ्याच्या कुंपणाला मामांनी एक फट ठेवली आणि बाजूला उभे राहिले. मेंढरं एकेक आत जात होती. मामा मोजत नव्हते, नुसते बघत होते. शेवटचं गेलं आणि ते म्हणाले, "काळतोंडीची धाकली आली न्हाई." एक गडी ओढ्याकडं पळाला आणि तिला काखेत घेऊन आला. एवढ्या मेंढरांत एक. डॉक्टर तिथंच उभे होते, रुमाल नाकाला. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. त्याला चौकट नव्हती.

निघताना जीप सुरू होईना. भोंग्यानं बॅटरी पिऊन टाकली होती. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, धक्का मारावा लागंल." डॉक्टर आत बसून राहिले. धक्का पोरांनी मारला. ज्यांना सकाळपासून शून्य दिलं तीच पोरं. लय मजा आली त्यांना.

मामा माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही.

"भाच्या, मेंढरं मोजत न्हाई आमी. तू मानसं मोजाय आलास व्हय रं?"

 तो प्रश्न पेटीनं विचारला असता तर माझा पुन्हा भोंगाच वाजला असता.

दोन दिवसांनी सातारच्या ऑफिसात डॉक्टरांनी वाडीचा गठ्ठा पुढं टाकला. वर टाइप केलेला कागद होता. 'वरील सर्व विद्यार्थ्यांस संख्याबोध नाही, असे माझ्या समक्ष आढळले.' खाली जागा : अन्वेषकाची सही. त्याला जोडलेला दुसरा कागद शिफारशीचा. वाडीच्या शाळेतलं गणित बंद करावं, मास्तर दुसरीकडं द्यावा, मुलांना लोकर पिंजण्याचा वर्ग काढून द्यावा. शिफारशीवरची तारीख चाचणीच्या आधीची होती. आधी जेवण ठरलं होतं, मग भूक मोजायला आम्हाला पाठवलं होतं.

"सही कर," डॉक्टर म्हणाले. "तू त्यांच्यातलाच. तुझ्या सहीला वजन आहे. आणि पुढच्या महिन्यात तुझं पीएच.डी.चं नाव नोंदवून टाकू."

म्हणजे माझं धनगरपण स्टुलावर हसण्यासाठी, आणि कागदावर शिक्क्यासाठी. दोन्हीकडं उपयोगी जनावर. दूधही देतं आणि लोकरही.

मी गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी गेलो. प्रत्येक पानाखाली कार्बन आणि कोरा कागद घातला. आणि चौकटींवरून आडवं, शाईनं, मोठ्या अक्षरात, पोराचं नाव घालून, लिहायला लागलो. ह्या मुलानं आगगाडीचे डबे बरोबर मोजले. मेंढ्यांना बोट लावलं नाही, कारण लावत नाहीत. तानीच्या पानावर तिचं सगळं बोलणं लिहिलं. कोकरू, कास, ऊन, कातरण. शेवटी लिहिलं : 'चित्र चुकीचे आहे. मुलगी बरोबर आहे.' त्याखाली सही केली. ठसठशीत. निब मोडेपर्यंत.

डॉक्टरांनी पानं बघितली. त्यांचा चेहरा उतरला, मग चढला.

"मूर्खा, यंत्र वाक्यं वाचत नाही!"

"मग त्याला शिकवा, साहेब. पोरं तयार आहेत. यंत्र कच्चं आहे."

"तुझ्यासारख्याला मी माणसात आणला."

"व्हय. आणि बोळा हातात दिला."

एवढंच बोललो. लोकांना सांगताना मी ह्यापुढं टेबल उलटलं, डॉक्टरांचा चष्मा खिडकीतून गेला, असं काहीबाही जोडतो. तसं काही झालं नाही. मी ह्यावेळी हसलो नाही, एवढं मात्र झालं. त्यांनी मला दार दाखवलं. मी कार्बनच्या प्रती शर्टाच्या आत घातल्या आणि त्या दारातून बाहेर पडलो.

पुढच्या जूनला वाडीच्या शाळेतलं गणित बंद झालंच. मास्तर गेला. तिथं आता लोकर पिंजतात. कागदावर दुसऱ्या कुणाची तरी सही झाली, सुबक, वळणदार. अशी बोटं लगेच मिळतात. प्रकल्पाचा अहवाल छापून आला, गुळगुळीत कागदावर. त्यात आमची वाडी एका ओळीत आहे, आणि त्या ओळीत एकही माणूस नाही.

मी सांगलीला शिक्षण खात्याच्या ऑफिसात प्रती घेऊन गेलो. बाबू म्हणाला, हे ठरलेल्या नमुन्यात नाही. साताऱ्यात गेलो. नमुन्यात नाही. आता नमुन्यात बसायचं मी सोडलंय. पुढच्या महिन्यात डॉक्टर तो अहवाल प्राध्यापकांच्या परिषदेत वाचणार आहेत. मला बोलावणं नाही. मी जाणार आहे. त्यांचं वाचून झालं की मी उभा राहीन आणि वाडीच्या प्रत्येक पोराचं उत्तर, नावासकट, मोठ्यानं वाचीन. बाहेर काढलं तर दारात वाचीन. दार लावलं तर खिडकीखाली. आणि तो अहवाल ते जिथं जिथं वाचतील तिथं तिथं जाईन, दर वेळी, पहिल्या पानापासून.