अंड्याची मासोळी

मुखरू ढिवराची गोष्ट सांगताना मला अजून हसू येते. तो रडला तेव्हाही आम्ही हसलोच होतो.

आरमोरीजवळच्या आमच्या गावात बोडी, म्हणजे लहान तळे, एकच, आणि तिच्यातले मासे धरायचा मान मुखरूचा. पंचावन्न साली बोडीच्या वरच्या अंगाला एका साहेबाने कोंबड्या पाळायचा मोठा कुंपणाचा वाडगा घातला. तिथला गडी बशीर दर कोंबड्याच्या मानेत, कातडीखाली, एक गोळी बसवी. दीड महिन्यात कोंबडा लोण्यासारखा मऊ, तुरा सुकलेला, आरवणे बंद. कापल्यावरचे धुवण आणि सगळी घाण नालीने बोडीत. मुंड्या-माना मुखरू मागून नेई.

बशीर म्हणाला, "भाऊ, मान मत खा. इस गोली से मुर्गा औरत बन जाता है."

"मंग त बाईले चांगलीच हाय!" मुखरू म्हणाला. लग्नाला चार वर्षे होऊन त्याच्या भागीरथेला मूल नव्हते. तो तिला रोज मानांचा रस्सा पाजी, हाडे स्वतः चोखी.

आमच्याकडे रीत अशी, की हंगामातली पहिली अंड्याची मासोळी मूल नसलेल्या बाईच्या पदरात घालायची. कूस भरते म्हणतात. भागीरथा दोन हंगाम काठावर पदर पसरून बसली. मासोळ्या निघाल्या गुबगुबीत, पण पोट चिरले की रिकामे.

"इच्या सावलीनं बोडी वांझ झाली," पंच म्हणाले.

"वो गोली का पानी है," बशीर बोलला.

"गोळीनं का मासोळी वांझ होते? तू आपल्या कोंबड्या पाह्य."

मुखरूनेच तिचे गाठोडे बाहेर फेकले. "जाय! मासोळ्याईलेबी खाल्लं तुनं."

ती कुरखेड्याला माहेरी गेली. मुखरूने कमळा आणली. तिचीही कूस उजवेना. इकडे मुखरूच्या छातीला बाईसारखे उभार आले. आम्ही पारावरून ओरडायचो, "मुखरूबाई, लुगडं कवा घेतं?" भर उन्हात तो घोंगडी पांघरून फिरे.

एकोणसाठ साली आरमोरीच्या बाजारात भागीरथा दिसली. कुरखेड्याच्या सोमाजीशी तिचा पाट लागलेला, कडेवर पोर, दुसरे पोटात. मुखरू आपले मासे मांडून उकिडवा बसला होता. तिने दुसऱ्या गावच्या ढिवराकडून एक मासोळी घेतली, पोट दाबून अंडी पाहिली आणि मुखरूच्या मांडीवरच्या घोंगडीत टाकली.

"घे, मुखरू. वांझेच्या पदरात घालाची रीत हाय ना?"

जन्मात पहिल्यांदा तिने त्याचे नाव घेतले. सारा बाजार हसला. मी तर पोट धरून.

मुखरूने रडतच घोंगडीची टोके दोन्ही हातांनी धरली, भागीरथा पदर धरायची तशीच, आणि मासोळी घरी नेली.