आवडाबाईच्या मानेवरचे केस

आवडाबाईच्या अंगात खाडीत बुडालेली एक सवाष्ण येते, अशी बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये पसरली होती. तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत एका सवाष्णीच्या तीन झाल्या. सगळं खोटं. खरं एवढंच, की बाईला लहर यायची. बसल्या जागेवरून ताडकन उठायची आणि दुसऱ्यालाही बसू द्यायची नाही.

पुतण्याच्या हळदीत डीजे टिपेला पोचलेला असताना ती उठली आणि तिने मांडवाच्या कोपऱ्यातल्या सगळ्या बायकांना हाताला धरून रस्त्यावर नेऊन बसवलं. पुढे झालं काय? काहीच नाही. पण मटणाची ताटं गार झाली, आणि ते कोणी माफ करत नाही.

मुलगा देवेश वैतागला. त्याने आंबिवलीकडच्या धाकू भगताला सांगावा धाडला. भगताने बाधा आहे म्हटलं, की आईची रवानगी त्याच्या मठात. बाधा उतरेपर्यंत मुक्काम तिथेच. आणि उतरली की नाही हे ठरवणारही भगतच!

सून कल्पिता डोंबिवलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. सासूला वाचवायला ती म्हणाली, "बाधाबिधा नाही रे. कॅप्रिस म्हणतात याला. मनाची अचानक लहर."

"मग तुझ्या इंग्रजीत त्यावर उतारा पण असेल ना? बघ."

तिने शब्दाचं मूळ शोधलं. शब्द फ्रेंचमार्गे इटालियनमधून आलेला. तिथे आधी त्याचा अर्थ लहर नव्हताच. भीतीने आलेला शहारा होता. डोकं आणि साळिंदराचं धाकटं भावंड शोभेल असा एक काटेरी प्राणी, अशी त्याची फोड. म्हणजे केस काट्यांसारखे उभे राहिलेलं डोकं. पुढे लोकांना त्यात 'काप्रा', म्हणजे इटालियन बकरी, दिसू लागली, तिची उगाच मारलेली उडी दिसली. भीती मागे पडली, उडी तेवढी राहिली.

दुपारी सासूच्या केसांना तेल लावताना कल्पिताने विचारलं, "आई, तुम्ही अशा उठता, तेव्हा नेमकं काय होतं हो?"

"मानेवरचं क्यास उभं रेतान," आवडाबाई म्हणाली. "नवीन नवरी व्हती मी. यं बिल्डिंग हाय ना, यं आमचं मिठागर व्हतं. बांधावर भाकरी खायाला बसलो आनि क्यास उभं रायलं. मी उठली तं सासरा बोलला, बस गो, उगाच नाचू नको. मी बसली. भरती आयली, बांध फुटला. माजी जाव तुळसा गेली त्यात. तवापासून मी कोनाला इचारीत नाय. उठते."

कल्पिताचा हात तेलाच्या वाटीतच राहिला.

रविवारी सकाळी शीळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत भगत आला. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मधोमध पाट मांडून बसला, समोर आवडाबाई. धूप, लिंबू, कुंकू. दिव्यासाठी पंखा बंद. दारात आम्ही शेजारी, अर्थात धीर द्यायला!

"कोण आहेस? नाव सांग!"

मागे बसलेल्या कल्पिताला दिसलं, घट्ट विंचरलेल्या, तेलकट डोक्याखाली मानेवरचा एक पांढरा केस हळूच उचलला गेला. मग दुसरा. मग सगळेच. वारा कुठेच नव्हता.

आवडाबाई उठली. "ऊठ," ती भगताला म्हणाली.

"बोलली!" भगत खूश. "बघ देवेश, हा आवाज तुझ्या आईचा नाही."

"आईचाच आहे," कल्पिता म्हणाली, आणि कुणालाही न विचारता तिने भगताला दंडाला धरून उठवलं. देवेश ओरडणार, तेवढ्यात त्याने पाटाकडे पाहिलं.

पाट ओला होता. फरशांच्या सांध्यातून पाणी वर येत होतं. आवाज नाही, बुडबुडा नाही. श्वास घेतल्यासारखं थांबायचं आणि पुन्हा चढायचं. त्या भागात नळाची लाइन नाही. महिना एप्रिलचा. कल्पिताने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

देवेशने आईचा हात धरला. भगताचं धोतर पायांना चिकटलं होतं आणि आवाज पार बारीक झाला होता. तरी सवय जाते का? "बाई," तो म्हणाला, "तुझ्या अंगात आहे तरी कोण?"

"माज्या आंगान कोन नाय रं बाबा. तुज्या बुडाखाली खाडी आयलीय, तिला इचार कोन हाय ती."