केदारची ट्राउट मोहीम

केदार साठ्ये एकट्याने कधी चहासुद्धा प्यायला नसेल. परदेशातल्या आमच्या या स्टेट कॉलेज गावात कुणी नवा मराठी विद्यार्थी उतरला, की त्याच्या बॅगा वर पोचायच्या आत केदार त्याला व्हॉट्सॲप ग्रुपात घालतो. कुणाला विमानतळावरून आणायला निघाला, तर वाटेत आणखी तिघांना गाडीत घेतो, आणि मग ज्याला आणायचं त्यालाच बसायला जागा उरत नाही. माणूस सोन्यासारखा आहे. मी त्याची समोरची शेजारीण, वयाने मोठी, त्यामुळे त्याला तोंडावर बोलायची मला मुभा आहे आणि ती मी पुरेपूर वापरते.

त्याची मुलगी सई, नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या सुमारास तिने बापाकडे एकच गोष्ट मागितली. ट्राउट मासा पकडायला जायचं. "जस्ट यू अँड मी, बाबा." माझ्यासमोर मागितली, मी साक्षीदार आहे.

केदारने लगेच हो म्हटलं आणि अभ्यासाला बसला. थोड्याच दिवसांत माशांविषयी त्याला इतकं कळायला लागलं, की मला जिन्यात गाठून शिकवू लागला. पाणी गार हवं, वेळ पहाटेची हवी, काठावर आवाज नको, आपली सावलीसुद्धा पाण्यावर पडता कामा नये. लायसन्स काढलं, सईला छोटा रॉड आणला. ती रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये दोरीला गळाऐवजी खोडरबर बांधून फेकण्याचा सराव करायची. सुरुवातीला ते रबर माझ्या गाडीवर आदळायचं. जून संपेपर्यंत ते ती म्हणेल त्या पिवळ्या रेषेवर पडायला लागलं होतं.

"मग कधी निघताय?" मी केदारला विचारलं.

"या शनिवारीच निघणार होतो, ताई. पण सत्यजितला कळलं. त्यालाही लहान मुलं आहेत. आता त्याला नाही विचारलं, तर बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही! या तीन शब्दांनी आपल्या लोकांची अर्धी आयुष्यं खाल्ली आहेत. सत्यजितला विचारलं म्हणून उल्काला विचारावं लागलं, आणि उल्का इथल्या मराठी मंडळाची अध्यक्ष, म्हणजे सगळ्या मंडळालाच. मग तारखेसाठी ग्रुपात मतदान. एका शनिवारी कुणाकडे सत्यनारायण, दुसऱ्या शनिवारी कुणाचे आईवडील येणार, तिसऱ्या शनिवारी अर्धी मंडळी साड्या घ्यायला दूर आयसेलिनच्या देशी बाजारात. दर वेळी केदार खाली जाऊन सईला सांगायचा, "नेक्स्ट वीक, बाळा, नक्की." ती "ओके" म्हणायची आणि पुन्हा रबर फेकायची.

त्याची बायको आश्लेषा एकदा वैतागून म्हणाली, "अरे, तुम्ही दोघं उद्या पहाटे गुपचूप निघा ना!"

"आणि नंतर कुणाला कळलं तर?" म्हणे. तिथल्या तिथे त्याचा कान पिरगाळावासा वाटला मला.

अखेर सर्वांच्या सोयीची तारीख निघाली. शाळा सुरू होण्याआधीचा शेवटचा शनिवार, आणि तोही श्रावणातला. चाळीस माणसं, त्यातली निम्मी श्रावण पाळणारी, मासे पकडायला निघाली होती! पकडलेला मासा सोडून दिला तर श्रावण मोडतो का, यावर ग्रुपात घमासान चर्चा झाली. उल्काने निकाल दिला, "सोडून द्यायचा म्हणजे चालतं. फक्त जेवायच्या आधी हात धुवा." पहाट कुणालाच जमणार नव्हती, म्हणून भर दुपार ठरली.

ओढ्याच्या काठी सतरंज्या पडल्या. साबुदाण्याची खिचडी, ढोकळा, ताकाचे कॅन, मोठा स्पीकर. सत्यजितने पोरांची पाण्यात दगड मारायची शर्यत लावून दिली. केदार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, या गोंगाटात मासा कसा येणार?"

"मग सांग ना त्यांना."

"नाही हो, बरं दिसत नाही." आणि तो प्लेट वाटायला गेला.

सई त्याची बाही ओढत होती. "बाबा, अपस्ट्रीम. प्लीज."

"दोनच मिनिटं, बाळा. सगळ्यांचं जेवण होऊ दे."

ती दोन मिनिटं काही संपेनात. शेवटी तिने रॉड उचलला आणि एकटीच वरच्या अंगाला निघाली. पोरीला पाण्याशी एकटी कशी सोडायची, म्हणून मी मागोमाग गेले. वळणापलीकडे दाट झाडी होती आणि पाणी गार होतं. बापाने मला जिन्यात शिकवलेलं सगळं ती करत होती. वाकून चालत होती, सावली सांभाळत होती. कितीतरी वेळ काहीच लागलं नाही. मग दोरी एकदम ताणली गेली. मी ओरडणारच होते, ती मात्र शांत. मासा अलगद काठाशी आणला, हात ओले करून धरला, गळ सोडवला. अंगभर ठिपके, पोट पिवळसर. आणि मग सगळा जीव एकवटून ओरडली, "बाबा! बाबा, कम!"

केदार धावत आला, हे मी त्याच्या बाजूने सांगते. पण धावता धावता त्याने मागे हाक दिली, "अरे, चला सगळे! सईला मासा मिळाला!" त्याच्यामागून अख्खं मंडळ फोन उंचावून आलं. लेकीला पाहून त्याचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. तरी म्हणाला काय, तर "तसाच धरून ठेव, सई. उल्कामावशी येऊ दे. ग्रुप फोटो काढू."

मासा तोंडाची उघडझाप करत होता. सईने त्याच्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, हात पाण्यात नेले आणि बोटं उघडली.

"अगं, सोडलास कशाला? सगळे बघायला आले होते ना!"

"मी सगळ्यांना नव्हतं बोलावलं," सई म्हणाली. चक्क मराठीत. "तुला बोलावलं होतं."

खाली स्पीकर तेवढा वाजत होता. केदारचा चेहरा उतरला. मग मंडळाकडे वळून तो म्हणाला, "तुम्ही सगळे जा खाली. आम्ही दोघं थांबतो इथे." इतक्या वर्षांत त्याने कुणालाही जा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

सई मात्र दोरी गुंडाळत होती.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. "एव्हरीवन इज वेटिंग."