भाऊंनी पास केलेला हिरवा

रंगखात्यातून रिटायर झालेल्या माणसाच्या नखांतला रंग एक ना एक दिवस निघतो, किस्से मात्र निघत नाहीत. उलट रविवारी जबलपुरात रांझीच्या टपरीवर आम्ही जुने लोक चहाला जमलो की त्यांच्यावर आणखी एक कोट चढतो! आणि सगळे किस्से फिरून फिरून भाऊ वानखड्यांवरच येतात.

भाऊ आमच्या कारखान्यात रंगाचे इन्स्पेक्टर. गाड्या लष्कराच्या, म्हणून सगळ्या हिरव्या. मंजूर झालेल्या रंगाचा एक पत्रा असायचा, त्याला म्हणायचं सॅम्पल. रंगवलेला दरवाजा उन्हात न्यायचा, सॅम्पल त्याला लावायचं, डोळे बारीक करायचे आणि ओरडायचं, "पास!" नाहीतर "फेल!" थोडक्यात, हिरवं बघण्यासाठी लोक पदरचे पैसे खर्चून पचमढीला जातात, भाऊंना त्याचा पगार मिळत होता.

एकदा दिल्लीहून नवे साहेब आले. दोन दरवाजे बघून म्हणाले, "वानखड़े जी, दोनों तो एक जैसे हैं! एक फेल कैसे?"

भाऊ म्हणाले, "सर, आपको एक जैसे दिखते हैं, इसीलिए तो मेरी नौकरी है!"

त्यानंतर साहेबांनी आमच्या खात्यात पाय ठेवला नाही. खात्याची फार प्रगती झाली.

* * *

मे महिना, आणि मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार. लॉन वाळून पापड झालेलं. आमच्या साहेबांनी हुकूम सोडला, "मुझे हरियाली चाहिए, बस!" आता साहेबांना हरियाली पाहिजे, पाण्याची बोंब, आणि आमच्याकडे स्प्रे-गन. दुपारपर्यंत हरियाली आली!

मोठे साहेब एकदम खूश. "मई में ऐसी ग्रीनरी!" म्हणत फोटोसाठी पांढऱ्या पँटीत खुशाल फतकल मारून बसले. उठले तेव्हा निम्मी ग्रीनरी त्यांच्याबरोबर निघाली.

आमच्या साहेबांचं तोंड पांढरंफटक! भाऊ मात्र पाहुण्यांच्या मागून एक चक्कर मारून आले आणि माझ्या कानात म्हणाले, "शेड फेल आहे. पण रंगानं पकड काय धरली आहे, वा!"

* * *

दर पावसाळ्यात नर्मदेकाठी तिलवाऱ्याकडे वृक्षारोपण असायचं. रोप नवं, हार नवा, फोटो नवा, खड्डा तोच! रोपाचं पुढे काय व्हायचं, ते तिथल्या बकऱ्यांना विचारा.

एका वर्षी साहेबांनी भाषणाच्या भरात विचारलं, "बताइए, इतने सालों में यहाँ क्या बढ़ा?"

मागून भाऊ, "गड्ढा, सर!"

* * *

रिटायर झाले त्या संध्याकाळी, गळ्यातला हारही न काढता, भाऊंनी घरात जाहीर केलं, "आजपासून या घरात हिरवा रंग बंद! बघून बघून डोळे विटले."

पडदे गेले, बादली गेली, वरणावरची कोथिंबीर गेली. तुळस तेवढी राहिली, कारण शैलावहिनींनी विचारलं, "तुळस काढता, का मी निघू?"

डॉक्टरांनी हिरव्या भाज्या खायला सांगितलं, तर हे म्हणतात, "डॉक्टर साहब, उम्रभर आँखों से खाई है, वो नहीं चलेगी?"

पण जबलपूरच्या जानेवारीत मटारपासून कोण सुटलंय? मी सहज गेलो, तर भाऊ ओट्यावर उन्हात मटार सोलत बसलेले, पुढ्यात वेगवेगळ्या वाट्या.

"काहून भाऊ, हे काय करून राहिले?"

"नुसतं सोलून राहिलो, खाणार नाही! हा बघ, हा लॉट फिकट आहे."

आतून वहिनी ओरडल्या, "भावजी, सकाळपासून निम्मे मटार फेल केलेत! उसळ कशाची करू, तुमच्या भाऊंची?"

* * *

मग त्यांच्या एकुलत्या एक मिनूचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, घर हिंदी. त्यांच्यात नवरीला लाल बांगड्या. भाऊंना आकाश ठेंगणं झालं! "लाल! वा! समधी मोठा समजदार माणूस निघाला!"

वहिनी गप्प. वहिनी गप्प बसल्या की आम्ही चहाची वाट न बघता उठतो. पण त्या दिवशी त्या बोलल्याच. "मला माझ्या आईनं हिरवा चुडा भरला, तिला तिच्या आईनं. मिनूच्या हातात हिरवा चुडा नसेल, तर कन्यादानाला तुम्ही एकटेच बसा. मी मांडवात येणार नाही."

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

मिनू म्हणाली, "बाबा, मला पण ग्रीनच पाहिजे. ससुराल वालों को मैं देख लूँगी."

भाऊंनी चपला घातल्या आणि निघून गेले. पुढे नवरा-बायकोचा अबोला. जेवायला वाढलंय हेसुद्धा मिनूनं सांगायचं.

* * *

मग एका दुपारी भाऊंचा फोन, "गाडी काढ. गढ्याच्या बाजारात जायचंय. वहिनीलाही घे." जणू वहिनी माझ्याच घरी राहतात!

थेट बांगड्यांच्या दुकानात. दुकानदारानं ट्यूबलाइटखाली हिरव्या बांगड्या मांडल्या. भाऊंनी पहिला डबा उचलला, रस्त्यावर उन्हात नेला, डोळे बारीक केले. "फेल!" दुसरा, "फेल!" तिसरा, "फेल!" रस्त्यावर ही गर्दी जमली!

दुकानदार वैतागला. "बाबूजी, हरा तो हरा होता है!"

मी डोळेच मिटले. हे वाक्य, आणि भाऊंसमोर!

भाऊ नुसते म्हणाले, "और दिखाओ."

शेवटी माळ्यावरून एक धुळीनं माखलेला डबा उतरला. भाऊंनी रुमालानं एक बांगडी पुसली, उन्हात धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"शैला, हात इकडे कर."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी भर बाजारात वहिनींचं मनगट धरलं आणि बांगडी त्याला लावली.

"अहो, लोक बघून राहिले!"

"हलू नको. आपल्या लग्नात तुझ्या हातात होता, तो हाच."

"तेव्हाचा रंग... तुमच्या लक्षात आहे?"

भाऊ अख्ख्या गल्लीनं वळून बघावं असे ओरडले, "पास!"

मग वहिनींचं मनगट न सोडता दुकानदाराकडे वळले. "भैया, दो सेट बाँधो. एक बिटिया का, एक सैंपल का."